शेवटच्याची फेरी

आमच्या शाळेचं मैदान उतारावर आहे. एक फेरी तीनशे दहा पावलांची, त्यातली नव्वद पावलं चढाची. ही मोजणी त्सेलिसो लेतुकाची. दर जानेवारीत शाळा उघडली की तो फेरी पुन्हा मोजतो, कारण पावसाने कडा ढासळतात आणि फेरी दोन-तीन पावलांनी बदलते. मग तो मला बोलावतो. मी दगड रचून कडा जागेवर आणतो. खाणीतून परत आल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. बरोबर तीनशे दहा भरली की तो मान हलवतो. शाबासकी देत नाही. मलाही नको असते.

तेवीस वर्षं तो इथे व्यायाम शिकवतो आहे. पंचावन्न मुलं, एक शिट्टी, दोरीला बांधलेलं एक घड्याळ. त्याचा तास कधी बुडाला नाही. जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं तर मुलांच्या आधी येऊन तो फावड्याने वाट काढायचा आणि मग त्याच वाटेवर मुलांना पळवायचा. पोरं कुरकुरली की म्हणायचा, "थंडी वाजतेय? मग हळू का पळतोस?"

त्याचा बाप मला आठवतो. आम्ही एकाच वर्षी खाणीवर गेलो. खाली उतरण्याआधी, खाणीतली उष्णता कोणाला सोसते ते बघायला, सगळ्यांना उष्णतेच्या खोलीत घालत. लांबच लांब खोली, आत वाफ, लाकडी ठोकळ्यांच्या रांगा आणि एक टोला. टोला पडला की ठोकळ्यावर चढायचं, पडला की उतरायचं. रोज चार तास, आठ दिवस. तासातासाला जिभेखाली पाऱ्याची नळी. पारा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की त्या माणसाला बाहेर काढत. थोरल्या लेतुकाचा पारा चौथ्या दिवशी वर गेला. दोन दिवसांनी पुन्हा आत घातलं, पुन्हा गेला. त्याला कागद देऊन बसमध्ये बसवलं. गावातून निघताना त्याच्यासाठी मेंढा कापला होता. नवव्या दिवशी तो परत गावात उभा होता.

गावाने त्याचं नाव 'नऊ दिवस' ठेवलं. मरेपर्यंत ते सुटलं नाही. बायका झऱ्यावर म्हणायच्या, "जरा थांबा गं, नऊ दिवसांची बायको येतेय, नऊ दिवसांत पोचेल." पोरगा नऊ दिवसांचं पोर झाला. ते पोर सहा वर्षांचं असल्यापासून पळत होतं. शाळेत पळत जायचं, गुरांमागे पळायचं, दळणाची पिशवी डोक्यावर घेऊन चढ पळत चढायचं. शिक्षकांच्या कॉलेजात गेला तेव्हाही वरच्या रस्त्यापर्यंत, जिथे बस थांबते तिथपर्यंत, पेटी घेऊन पळत गेला म्हणतात. ते मी पाहिलं नाही, पण मला खरं वाटतं.

शिक्षक होऊन तो परत आला आणि त्याने एक नियम केला. तासाच्या शेवटी सगळे मिळून चार फेऱ्या पळायचे. जो शेवटी येईल त्याने आणखी एक फेरी एकट्याने मारायची, बाकीच्यांनी उभं राहून बघायचं. तिला शेवटच्याची फेरी म्हणत. तो म्हणायचा, "मागे राहतो तो दमलेला नसतो, थांबलेला असतो." मी भिंतीवर काम करताना हे ऐकायचो आणि मला पटायचं. एकतीस वर्षं मी जमिनीखाली होतो. आळशी माणूस मला चालीवरून ओळखू येतो, अशी माझी समजूत होती.

लिपुओ सहावीत आली तेव्हापासून शेवटच्याची फेरी बहुतेक तिचीच असायची. बारीक मुलगी, खांदे किंचित वर उचललेले. तिची आई राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. मुलगी आजीजवळ राहते, ओढ्यापलीकडच्या घरात; आजीला सगळे म्मे, म्हणजे आई, मारेफिलोए म्हणतात. लिपुओ म्हणजे आमच्या भाषेत बोलणी. त्सेलिसो तिला म्हणायचा, "नाव बोलणी आणि पाय मुके." पोरं हसायची. ती एकटी पळायची, चढावर चालायची, पुन्हा पळायची. फेरी पूर्ण करायची. एकदाही मध्ये बसली नाही. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आळशी माणूस बसतो.

ती सातवीत असताना शाळेला पट्टे मिळाले. राजधानीहून एक तरुण बाई गाडीतून आल्या. त्यांनी बावीस पट्टे दिले, एक टॅब दिला आणि तो चार्ज करायला छपरावर सौरपत्रा बसवून दिला. पट्टा ओला करून शर्टाच्या आत छातीला बांधायचा. प्रत्येक पट्ट्यावर आकडा, आणि टॅबमध्ये त्या आकड्यासमोर मुलाचं नाव. मूल पळायला लागलं की त्याच्या नावाचा चौकोन रंग बदलतो. निळा म्हणजे हृदय निवांत, हिरवा म्हणजे कामाला लागलं, पिवळा म्हणजे जोर चालू आहे, लाल म्हणजे हृदयाला आता आणखी वर जायला जागा नाही. बाई म्हणाल्या, कोण पहिला आला ते बघू नका, कोणाचं हृदय किती कामाला लागलं ते बघा, गुण त्यावर द्या.

त्सेलिसोला ते आवडलं नाही. गाडी गेल्यावर मला म्हणाला की पळणाऱ्याकडे पाठ करून पाटी बघायची, असला व्यायाम त्याने ऐकला नव्हता. पण दिलेलं काम न करणं त्याच्या स्वभावात नाही. पुढच्या मंगळवारपासून त्याने पट्टे बांधायला लावले. मुली वर्गात बांधून यायच्या, मुलं भिंतीच्या आडोशाला.

पहिल्या दिवशी वीस-एक चौकोन हिरवे-पिवळे झाले. लिपुओचा चौकोन पळायच्या आधीच पिवळा होता. पहिल्या अर्ध्या फेरीत लाल झाला आणि तास संपेपर्यंत लालच राहिला. ती नेहमीप्रमाणे शेवटी होती. त्सेलिसोने पट्टा पुन्हा ओला करायला लावला. लाल. दुसरा पट्टा दिला. लाल. तो म्हणाला यंत्र खराब आहे, आणि तिला शेवटच्याची फेरी मारायला लावली.

शुक्रवारी लिपुओचा चौकोन हिरवा होता आणि तेबेलोचा लाल. तेबेलो म्हणजे तिच्या शेजारी बसणारी, वर्गातली सगळ्यांत वेगवान मुलगी. त्या दिवशीही तीच पहिली आली, श्वाससुद्धा चढला नव्हता. पुढच्या मंगळवारी तेबेलो हिरवी आणि तिसरीच एक मुलगी लाल. त्सेलिसो टॅब घेऊन माझ्याकडे आला. मी वरच्या कडेचा दगड बसवत होतो. मला तो न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतो; मुलं त्याला तसंच म्हणतात.

"न्ताते सेलोमो, हे बघा. लाल रंग खरजेसारखा फिरतोय वर्गात. आज हिला, उद्या तिला."

मी टॅब बघितला नाही. मला त्यातलं कळत नाही. मी मुलींकडे बघितलं. त्या घोळका करून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्याच्याकडे बघत नव्हत्या. मी हातातला दगड खाली ठेवला.

ही गोष्ट मला लिहायलाच हवी. पट्टे आले त्या आठवड्यात मुली भिंतीपाशी बसून विचारत होत्या की असलं काही खाणीत होतं का. मी त्यांना उष्णतेची खोली सांगितली. ठोकळे सांगितले, टोला सांगितला. हेही सांगितलं की ज्याचा आकडा चढला त्याला घरी पाठवत, आणि म्हणून पोरं एकमेकांना वाचवायची. कोणी गालात गार पाण्याची चूळ धरून ठेवायचा, कोणी शेजाऱ्याची नळी आपली म्हणून दाखवायचा. मी ते हसत सांगितलं होतं. आमच्या गावात प्रत्येक घरात कोणीतरी त्या खोलीतून घरी पाठवलेलं आहे किंवा थोडक्यात वाचलेलं आहे. इथल्या पोरांना आकडा चढणं म्हणजे काय, ते समजावून द्यावं लागत नाही.

मी त्सेलिसोला म्हणालो, "पट्टे बदलतायत त्या. एकीला वाचवतायत. मीच शिकवलं, न कळत."

त्याने विचारलं, "कोणाला?"

पण उत्तर त्याला माहीत होतं.

शुक्रवारी त्याने प्रत्येक पट्ट्याचा आकडा वहीत उतरवला आणि मैदानावर एकेकीला स्वतः आकडा दाखवायला सांगितला. लिपुओकडे तेबेलोचा पट्टा होता. त्याने त्या दोघींना पट्टे परत बदलायला पाठवलं. लिपुओ आली आणि उभी राहिली. पळाली नव्हती, नुसती उभी होती. चौकोन पिवळा झाला. मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके.

त्याने टॅब गवतावर ठेवला आणि दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. हे कॉलेजात शिकवतात. पंचावन्न मुलांत त्याने ते कधी केलं नव्हतं. दोरीचं घड्याळ हातात घेऊन तो मोजत राहिला. एक मिनिट झालं, तरी सोडलं नाही. नंतर त्याने मला सांगितलं की ठोके नीट ओळीत येत नव्हते, दोन यायचे, एक हुकायचा, मग तीन घाईने यायचे.

त्याने तिला विचारलं, पट्टा का बदललास.

ती म्हणाली, "मला घरी पाठवू नका, न्ताते. मी अजून जोरात पळेन."

त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. त्याने तास सोडून दिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

खालचा दवाखाना पाऊण तासावर आहे. तो लगेच तिला घेऊन गेला. तिथल्या सिस्टरने नळी लावून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, गुडघे दाबून बघितले, लहानपणी घसा दुखून ताप आला होता का, सांधे सुजले होते का, ते विचारलं. लिपुओला सांधे आठवत होते. सिस्टर म्हणाली की हृदयाच्या झडपेतून रक्त मागे येतंय, ते तिला कानाला ऐकू येतंय, आणि राजधानीतल्या मोठ्या दवाखान्यात जायला उशीर करू नका. तोवर पळणं बंद, चढ बंद. कधी कोसळेल ते सांगता येत नाही.

आता सगळं आजीवर होतं. आईने कारखान्यातून फोनवर सांगितलं की आजी म्हणेल तसं करा. शाळेने आजीला निरोप पाठवला. आजीने नाही म्हणून कळवलं. मुख्याध्यापिका स्वतः गेल्या. म्मे मारेफिलोएने त्यांना दारातच ऐकवलं. ते साऱ्या गावात फिरलं.

"दोन वर्षं आळशी होती. शुक्रवारी आजारी झाली. सोमवारी म्हणाल मेली. तुमच्या शाळेला एक काय ते ठरवता येत नाही का?"

तिची समजूत अशी होती की वर्षअखेरची परीक्षा जवळ आली, आजारी पोर नापास होऊन शाळेचं नाव खराब करेल, म्हणून तिला आधीच काढायची तयारी आहे. यंत्राने नापास केलं, कागद दिला, बस दाखवली. तिच्या नवऱ्यालाही खाणीवर एक दिवस असाच कागद मिळाला होता. तिला वेडी म्हणता येणार नाही. मुलगी घरी बसली. आठ दिवस गेले. ओढ्यावरून पाणी आणताना ती दोनदा वाटेत बसलेली दिसली, असं तेबेलो सांगत होती. दुसऱ्यांदा तिचे ओठ निळे होते.

त्सेलिसो माझ्याकडे आला तो टोपी हातात घेऊन. म्हणाला, "तुम्ही माझ्या वतीने बोला."

आमच्यात चूक ज्याची, तो स्वतः तोंड उघडत नाही. वडीलधारा माणूस पुढे होऊन बोलतो, चुकलेला खाली मान घालून बसतो. मी चांगला कांबळा पांघरला आणि गेलो. आम्ही पुरुषांच्या बाजूला जमिनीवर बसलो. म्मे मारेफिलोए समोर चटईवर होती, लिपुओ तिच्या मागे. आमच्यापुढे काही ठेवलं नाही. पाणीसुद्धा नाही.

मी सुरुवात केली, रीतीप्रमाणे, गुरांच्या खबरीपासून. तीन वाक्यं झाली असतील.

"सेलोमो, तू गप्प बस," म्मे मारेफिलोए म्हणाली. "तुझ्या तोंडाने व्हायचं तेवढं झालंय. ज्याने शिट्टी वाजवली त्याला बोलू दे."

मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "नऊ दिवसांचं पोर. आणि माझ्या नातीला आळशी म्हणतंय."

हा शब्द त्याच्या तोंडावर गेल्या तीस वर्षांत कोणी काढला नसेल. मला वाटलं तो उठेल. तो उठला नाही.

"हो, म्मे," तो म्हणाला. "नऊ दिवसांचाच."

त्याने टोपी जमिनीवर ठेवली.

"मी पाय बघत होतो," तो म्हणाला. "दोन बोटं मनगटावर ठेवायची, एवढंच काम होतं. मी ठेवली नाहीत, कारण मला वाटायचं की मला न बघता कळतं. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त कष्ट तुमची नात करत होती. आणि त्याची शिक्षा मी तिला देत होतो. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा." मग तो म्हातारीच्या मागे बघून म्हणाला, "लिपुओ, मी चुकलो."

मोठा माणूस पोराला असं म्हणत नाही. मी तरी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्मे मारेफिलोएने नजर जमिनीवर टाकली. लिपुओ आजीकडे बघायला लागली, काय बोलायचं असतं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"हो, न्ताते," ती म्हणाली शेवटी.

म्हातारी म्हणाली, "कोण नेणार तिला?"

"मी."

"शाळा, की तू?"

"मी, म्मे."

"आणि परत कोण आणणार? का पुन्हा कागदच येईल?"

"मीच आणीन."

ती उठली आणि ज्वारीच्या आंबलेल्या पेजेचे दोन मग भरून आणले. एक माझ्यासमोर आपटला, एक त्याच्या हातात दिला. एवढ्यावर ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो शेजाऱ्याचा घोडा घेऊन आला. वरच्या रस्त्यापर्यंत दोन तासांचा चढ आहे. लिपुओ घोड्यावर, तो लगाम धरून पुढे. घोड्याला तो पळू देत नव्हता. मी ओढ्यापर्यंत गेलो आणि परतलो.

दवाखान्यातलं मला त्यानेच सांगितलं, एकदाच. छातीवर थंड मलम लावून हृदय पडद्यावर दाखवणारं यंत्र होतं. झडप उघडत होती पण नीट मिटत नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लिहीत लिहीत विचारत होत्या. धाप कधीपासून लागते, हे त्यांनी लिपुओला विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्यांनी त्याला विचारलं. नक्की माहीत नाही, असं तो म्हणू शकला असता. बरेच पालक तसंच म्हणत असणार.

तो म्हणाला, "दोन वर्षांपासून. मी समोर उभा राहून बघत होतो."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ते तसंच लिहून घेतलं.

घशाच्या तापाने झडप बिघडली होती. ती आपोआप सुधारणार नाही. पुन्हा तसा ताप आला तर आणखी बिघडेल, म्हणून दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, निदान एकवीस वर्षांची होईपर्यंत. एकही चुकवायचं नाही. पुढे कधीतरी सीमेपलीकडे नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल. केव्हा, ते सांगितलं नाही. यादीत नाव घातलं.

त्सेलिसो मऊ झाला असं कोणी समजू नये. शेवटच्याची फेरी त्याने बंद केली, पण तास हलका झाला नाही. आता तो कोणाचं हृदय कुठे आहे ते बघतो. तेबेलो पहिली येऊनही निळ्या-हिरव्याच्या मध्ये आहे, हे त्याला पहिल्याच आठवड्यात दिसलं. तिला सगळ्यांत कमी गुण मिळाले. तिचा बाप भांडायला आला की माझी मुलगी पहिली येते. त्सेलिसो म्हणाला, "येते. कष्ट न करता येते. तुम्हाला चालेल, मला चालत नाही." तेबेलो आता खरोखर पळते. मागच्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली आणि अर्धा तास गवतावर पडून होती.

पट्टे आता नऊच चालतात. राजधानीच्या बाई पुन्हा आल्या नाहीत. उरलेली मुलं एकमेकांच्या मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजतात आणि आकडा ओरडून सांगतात. ज्याचा आकडा त्सेलिसोला पटत नाही त्याची नाडी तो स्वतः मोजतो, आणि मग दवाखान्यात पाठवतो. चार वर्षांत सात मुलं पाठवली. सहा जणांना काही नव्हतं. सिस्टर एकदा वैतागून म्हणाली की न्ताते, तुम्हाला हल्ली प्रत्येक पोर आजारी दिसतं. तो म्हणाला की सहा पोरं उड्या मारत परत आली, यात कोणाचं काय गेलं.

सातव्या मुलाला झडपेचंच होतं. लहान होता, लवकर सापडला.

लिपुओ आता वरच्या वर्गांत आहे. पळत नाही. चढावर दोनदा थांबते. तिचे खांदे अजून वर उचललेले असतात, त्यामुळे लांबून ओळखू येते. दर चौथ्या गुरुवारी त्सेलिसो तिच्याबरोबर खालच्या दवाखान्यात जातो, परतीच्या चढासाठी घोडा घेऊन. दोन हिवाळ्यांपूर्वी खालच्या दवाखान्यात औषध संपलं होतं. तेव्हा तो खिंडीपलीकडच्या दवाखान्यात चालत गेला, गुडघाभर बर्फातून, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आला. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. याबद्दल त्याला विचारलेलं आवडत नाही.

आजवर सत्तेचाळीस इंजेक्शनं झाली. एकही चुकलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या यादीतलं तिचं नाव अजून वर सरकलेलं नाही.